सेटमधला भुंगा

वहिनी, परवा दादानं दुकान उघडलं.

तेरावं होऊन पाहुणे म्हसवडला परत गेले होते. घरात मी आणि दादा दोघंच. सकाळी चहा झाल्यावर दादा उठला, पुढच्या खोलीत गेला आणि दुकानाच्या फळ्या एकेक करून काढायला लागला. मी त्या भिंतीला लावून ठेवत गेलो. सांगलीची ती गल्ली नेहमीसारखीच होती. समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरत होता.

पहिलं गिऱ्हाईक इस्लामपूरकडचं आलं. पिशवीत जळका ट्रान्सफॉर्मर होता.

"ट्रान्सफॉर्मरवाल्या बाई कुठं हायती?" त्यानं विचारलं.

दादा म्हणाला, "म्हायेरी गेल्यात."

"कवा येनार?"

"सांगता येत न्हाई."

"मग हितंच ठिवतो. त्यांच्याच हातनं गुंडाळून घ्या. घाई न्हाई मला."

तो गेला. दादानं तो ट्रान्सफॉर्मर तुमच्या पाटावर नेऊन ठेवला, तुम्ही बसायच्या तिथं, आणि परत येऊन स्टुलावर बसला. मी फडकं घेऊन काऊंटर पुसला. मग पुसलेलाच परत पुसला. गेले पंधरा दिवस माझं असंच चाललंय. लोक येऊन रडले, आत्या तर ऊर बडवून रडली. मी मात्र पाट मांडत होतो, पत्रावळी आणत होतो, कोण कुठल्या गाडीनं जाणार ते बघत होतो. कुणीतरी म्हणालं, बिरू लय धीराचा हाय. धीर नव्हता, वहिनी. काही नव्हतंच.

मिरजेच्या दवाखान्यात तुम्ही नऊ दिवस होता. आधी कावीळ म्हणाले, नंतर काहीच म्हणाले नाहीत. मी कोयनानगरहून सुट्टी काढून आलो तेव्हा तुमचे डोळे हळदीसारखे झाले होते. दादा शहाळं आणायला खाली गेला होता. खोलीत आपण दोघंच. एवढी चांगली वेळ पाच वर्षांत मला मिळाली नव्हती. मी म्हणालो, "वैनी, एक सांगायचं हुतं." तुम्ही म्हणालात, "आवं भावजी, आदी बसा तरी. यष्टीनं अंग आंबलं असंल." मी बसलो. तुम्ही विचारलंत, "कोयनंला पाऊस हाय का?" मी म्हणालो, हाय. किती हाय तेही सांगितलं. रस्त्यावर दरड आली होती तेही सांगितलं. तेवढ्यात दादा शहाळं घेऊन आला.

म्हणून आता हे लिहितोय. कोयनेच्या पत्र्याच्या खोलीत बसून. ड्यूटी दुपारची आहे.

तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा दादानं फौज सोडून वर्षही झालं नव्हतं. फौजेच्या सिग्नल विभागात तो रेडिओ मेकॅनिक होता. गावाकडं मेंढरं आणि कोरडी जमीन, म्हणून त्यानं सांगलीत रेडिओ आणि गाण्याचे सेट करायचं दुकान घातलं. आपल्यात पोरी शाळेत फारशा जात नव्हत्याच. तुम्ही दोन-तीन बुकं शिकला होता आणि लोकर कातण्यात पटाईत होता, एवढंच आम्हाला माहीत. दुकानामागच्या दोन खोल्यांत तुमचा संसार. पहिल्या महिन्यात दादा अॅम्प्लिफायरच्या काचेच्या व्हॉल्वला वीज नेणाऱ्या दोन तारा एकमेकींवर पिळत होता आणि त्या परत सुटत होत्या. तुम्ही चुलीपुढून उठून आलात. "द्या हिकडं," म्हणालात. तारा मांडीवर घेतल्यात आणि तळव्यानं एकदाच असा पीळ दिलात की तो पुन्हा सुटलाच नाही.

"पन ह्यो पीळ कशापायी?" तुम्ही विचारलंत.

दादानं समजावलं. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागं-पुढं होते. तिची तार गाण्याच्या तारेजवळून गेली की तेवढंच गुरगुरणं गाण्यात शिरतं. दोन तारा एकमेकींत पिळल्या की एकीचा त्रास दुसरी मारते. तुम्ही ऐकून घेतलंत. "म्हंजी भुंगा बसतोय गान्यात," म्हणालात. त्या दिवसापासून आम्ही सगळेच त्याला भुंगा म्हणायला लागलो. गिऱ्हाइकंसुद्धा सेट घेऊन आली की म्हणायची, बाई, भुंगा लय वाढलाय.

सहा महिन्यांत तुम्ही ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला लागलात. हातानं फिरवायचं यंत्र, वार्निश लावलेली तांब्याची तार, प्रत्येक थराला कागद. दादाच्या हातचा एखादा गरम व्हायचा, एखादा करकरायचा. तुमचे कधी परत आले नाहीत. दादा ते चारचौघांत सांगायचा. "माज्या बायकूचा हात हाय. तपासायची गरज न्हाई." मला वाटतं तुम्हाला आयुष्यात मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती. तुम्ही आतून ऐकायच्या आणि भांडी जरा जास्त वाजवायच्या.

आणि मी. डिप्लोमावाला दीर. कोयनेच्या वीजघरात नोकरी, आठवड्याची सुट्टी साठवून महिन्यातून एकदा सांगलीला यायचं आणि तुमच्याशी वाद घालायचा. तुम्ही म्हणायच्या, "भावजी, ह्यो भुंगा तुमीच तिकडनं पाठवता आन हितं आमी काडत बसतो. जरा बिनभुंग्याची वीज पाठवा की." मी तेव्हा हसायचो नाही. विजेचं शास्त्र सांगायला लागायचो. आता वाटतं, हसायला काय झालं होतं?

तो एक वाद तर मी हरलो आणि कबूल केलं नाही. एका सेटमधला भुंगा जात नव्हता. मी पुस्तक उघडून बसलो होतो. भुंगा गाळायला एक कंडेन्सर वाढवला, दुसरा वाढवला, तिसराही टाकला. भुंगा तसाच. तुम्ही म्हणालात, वाढवायचं काही नाही, ट्रान्सफॉर्मर फिरवून बघा. मी म्हणालो, "वैनी, ट्रान्सफॉर्मर फिरवून काय हुतंय? त्याला काय तोंड हाय का?" तुम्ही दादाचे फौजेतले हेडफोन कानाला लावलेत, मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सैल केलेत, कोरड्या लाकडाची पट्टी लावून तो जागच्या जागी हळूहळू ढकललात. एका कोनात तुमचा हात थांबला.

"हितं," तुम्ही म्हणालात. "हितं बसवा."

हेडफोन मला दिलेत. आत काही नव्हतं. अगदी काही नव्हतं.

मी म्हणालो, कंडेन्सरचाही गुण असणार. त्याच पुस्तकात साठ पानं पुढं, ट्रान्सफॉर्मरचं तोंड कुठं असावं यावर एक आख्खं प्रकरण होतं. कोयनेला परतल्यावर मी ते वाचलं. पुढच्या खेपेला पुस्तक आणलं नाही.

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं, वहिनी.

साताऱ्याच्या सुभेदार साहेबांचा सेट दादानं जीव ओतून केला होता. फौजेत ते दादाचे वरिष्ठ. दादाला त्यांनीच रेडिओच्या कामाला लावलं होतं. तोफखान्याला जोडलेल्या सिग्नलमधल्या नोकरीनं त्यांचे कान हळवे झाले होते. गाणं ऐकायची हौस, पण जराही गुरगुर सहन व्हायची नाही. आपल्या दुकानात सेट तपासला तेव्हा भुंग्याचा मागमूस नव्हता. दादाला ताप होता म्हणून तो पोचवायला मी गेलो. साहेबांच्या घरी त्यांचा स्वतःचा रेकॉर्ड लावायचा डेक होता. त्याच्या लोखंडी अंगाला त्यांनी एक तार बांधून ती बाहेर नळाला जोडली होती, अर्थिंग म्हणून. आपल्या सेटला प्लगातून अर्थिंग होतीच. मी दोन्ही जोडले आणि भुंगा असा उठला की साहेब खुर्चीत ताठ झाले.

"ह्ये काय? गानं हाय का म्हशीची धार काडताय?"

मी तासभर झटलो. कपाळावरून घाम सेटमध्ये पडत होता. साहेब समोर बसून बघत होते. काकू दोनदा पाणी देऊन गेल्या. मी नळाची तार सोडली, भुंगा निम्मा झाला. मग प्लग उघडला आणि त्यातली अर्थिंगची तार पकडीनं तोडली. भुंगा गेला. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, भावाचं नाव काढलंस म्हणाले. काकूंनी कंदी पेढे बांधून दिले. "काय झालं हुतं?" साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, "अर्थिंग सैल हुती. दुरुस्त केली."

मी वीजघरात काम करणारा माणूस. अर्थिंग कशासाठी असते ते मला कुणी शिकवायला नको होतं. चांगल्यातल्या चांगल्या ट्रान्सफॉर्मरमधूनही थोडी वीज अंगावर झिरपते. ती अर्थिंगच्या तारेनं मुकाट जमिनीत जाते. तार तोडली की ती सेटच्या लोखंडावर बसून राहते, कुणी हात लावेपर्यंत. आणि आतली तार कधी सुटून लोखंडाला टेकली तर विचारायलाच नको. फौजेत दादाच्या डोळ्यांसमोर एक जवान असाच सेटला चिकटून गेला होता. म्हणून आपल्या दुकानात एकच कायदा होता. भुंगा राहिला तरी चालेल, अर्थिंग तोडायची नाही. आणि मी ती तोडून पेढे घेऊन आलो. दादाच्या हातात पेढे दिले. तुम्हालाही एक दिला.

दीड-दोन महिन्यांनी साहेब काही कामानं सांगलीला आले. मी त्या दिवशी सुट्टीवर होतो. दुकानात दादा, मी आणि साहेब. तुम्ही चहा घेऊन आलात. साहेबांनी सेटचं तोंड भरून कौतुक केलं. मग म्हणाले, "बाकी घरात बरं हाय. हिचाच हात तेवडा वातानं धरलाय. मदीच झिनझिन्या येत्यात, मुंग्या येत्यात. तेल लावतोय."

तुम्ही कपबशी खाली ठेवलीत. "कवा येत्यात मुंग्या?"

"कवाबी. सकाळी जास्त. झाडलोट करताना."

"सेट कोन पुसतं, साहेब?"

"तीच पुसती की. वल्लं फडकं घिऊन रोज पुसती. तिचा लय जीव त्याच्यावर."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. एवढंच. मी दाराकडं बघायला लागलो. दादाच्या लक्षात काही यायच्या आत तुम्ही बोललात. तो आवाज मला अजून ऐकू येतो, जराही कापत नव्हता.

"साहेब, त्यो ट्रान्सफॉर्मर माज्या हातचा हाय. त्याचा कागद मला तवाच जरा कच्चा वाटला हुता. म्या बोलले न्हाई. आज घरी गेल्या गेल्या प्लग काडून ठिवा, काकूस्नी हात लावू दिऊ नगा. उद्या मी आन भावजी येतो."

दादाचा चेहरा बघवत नव्हता.  साहेब गेल्यावर एवढंच म्हणाला, "तुला कच्चा वाटला आन तू दिलास?" तुम्ही खाली मान घालून कपबश्या गोळा केल्यात. मी तिथंच होतो. तुमच्यापासून चार हातांवर. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता.

दुसऱ्या दिवशी आपण साताऱ्याच्या गाडीत बसलो.  कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा खिडकीतून बाहेर बघत विचारलंत, "कापली?"

"व्हय."

"नळाची बी काडली?"

"व्हय."

"बया!" एवढंच म्हणालात. मग गाडी सुटल्यावर, "ह्यांना सांगू नगा."

"वैनी, मी सांगतो. चूक माजी हाय."

"तुमची हाय म्हनूनच सांगू नगा. तुमास्नी उंबरा चडू द्यायचे न्हाईत ह्ये. मला ठावं हाय ह्यांचा राग. दोगंच भाऊ तुमी. माजं काय, मला चार दिस बोलतील आन इसरतील."

मी "बरं" म्हणालो. लगेच म्हणालो, वहिनी. जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. ते "बरं" माझ्या तोंडातून किती सहज आलं!

साताऱ्यात तुम्ही पदर खोचून सेटच्या मागं बसलात. प्लगात नवी अर्थिंग मी घातली. भुंगा परत उठला. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. तुम्ही डेककडून सेटकडं येणारी तार बोटांनी चाचपत गेलात. त्या तारेवर भुंगा अडवायला तांब्याची जाळी असते. जाळी दोन्ही टोकांना सोल्डर केलेली होती, एक टोक डेकला, एक सेटला. सेट जोडताना ती मीच तशी केली होती.

"भावजी, डेकची झिरपलेली वीज ह्या जाळीतनं फेरा घेतीया बगा," तुम्ही हळू आवाजात म्हणालात. "जाळीचं एकच टोक बांदायचं असतंय. तोडायचंच हुतं तर ह्ये तोडायचं. तुमी भलतंच तोडलं."

डेकच्या बाजूची जाळी तुम्ही सोडवलीत. डेकच्या लोखंडापासून एक जाड तार सेटमध्ये आणलीत आणि बाकीच्या अर्थिंगच्या तारा जिथं मिळतात तिथंच ती बसवलीत. "आता लावा," म्हणालात. रेकॉर्ड फिरली. सुई टेकली. साहेबांनी डोळे मिटले. अर्थिंग जागेवर होती आणि भुंगा नव्हता. दहा मिनिटांचं काम. मग तुम्ही आत काकूंजवळ जाऊन बसलात, मी बाहेर हत्यारं गोळा केली.

चार दिवस बोलतील आणि विसरतील, असं तुम्ही म्हणाला होता. दादा बोलला नाही आणि विसरलाही नाही. पुढच्या आठवड्यात तो भंगारातून एक मेगर घेऊन आला. हँडल फिरवून तारांचं इन्सुलेशन तपासायचं ते यंत्र. त्या दिवसापासून तुमच्या हातचा प्रत्येक ट्रान्सफॉर्मर तो त्याला लावायला लागला. गिऱ्हाइकासमोरसुद्धा. "तपासायची गरज न्हाई" हे वाक्य मी पुन्हा कधी ऐकलं नाही. तुम्ही ट्रान्सफॉर्मर पुढं आणून ठेवायच्या आणि हँडलची घरघर संपेपर्यंत दारात उभ्या राहायच्या. काटा बरोबर जागेवर जायचा. दादा मान हलवायचा. तुम्ही आत जायच्या. भांड्यांचा आवाज यायचा नाही.

पाच वर्षं. मी महिन्यातून एकदा येऊन हे बघायचो आणि तुमच्या हातची भाकरी खाऊन जायचो. तुम्ही एकदाही मला बोलला नाहीत. एकदा मात्र वाढताना म्हणालात, "त्या यंत्राची कटकट लय, न्हाई का वो भावजी?" मी म्हणालो, "व्हय, जुनं हाय." वहिनी, मला कळलं होतं तुम्ही काय म्हणत होता. मी यंत्राबद्दल बोललो.

परवा ते इस्लामपूरचं गिऱ्हाईक गेल्यावर दादा उठला. आजारी पडायच्या आधी तुम्ही तीन ट्रान्सफॉर्मर पुरे करून ठेवले होते. त्यातला एक त्यानं काऊंटरवर आणला. मेगर काढला. तारा जोडल्या. हँडलवर हात ठेवला. रोजच्या सवयीनं, दुसरं काही नव्हतं त्याच्या मनात. हँडल फिरायला लागलं आणि माझ्या तोंडून निघालं, "दादा, राहू दे."

"का?"

"साहेबांच्या सेटात काई दोस नव्हता. अर्थिंग मी तोडली हुती. वैनीनं सोतावर घेतलं."

हँडल थांबलं. मला वाटलं तो उठून मारेल. बरं वाटलं असतं. तो काट्याकडं बघत राहिला.  मी सगळं सांगितलं, कऱ्हाडच्या स्टँडसकट. ते सांगताना माझा आवाज सपाट होता, जसं काही कुणा दुसऱ्याच्या घरातलं सांगतोय.

"ती का बोलली न्हाई?" त्यानं विचारलं.

"तू मला घरात यिऊ दिलं नसतंस म्हनून."

"न्हाईच दिलं असतं."

 तो मेगरच्या तारा एकेक करून सोडवायला लागला. त्या सुटेनात. 

"पाच वर्सं लावतोय ह्ये," तो म्हणाला. "एकबी खराब निगाला न्हाई. पयल्या वर्सातच मला कळलं हुतं, हिच्या कामात काय खोट न्हाई. तरी लावत ऱ्हायलो. का लावत ऱ्हायलो रं?"

मी पुढं होऊन त्या तारा सोडवल्या.

"हे मला कशाला सांगतोस आता? तिला सांगायचं हुतंस. ती हुती तवा, तिच्यासमोर मला सांगायचं हुतंस."

"व्हय."

"साताऱ्याला जा. सायबाला सांगून ये. तिच्यावरचं काडून ये. त्याबिगर माज्या पुढ्यात बसू नगंस."

काल मी साताऱ्याला गेलो. साहेब आता काठी घेऊन चालतात. तुम्ही गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. ते सांगितलं, आणि उभ्याउभ्याच दुसरंही सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या असत्या. साहेबांनी सगळं ऐकलं.

"माजी बायकू गेली असती," ते म्हणाले.

"व्हय, साहेब."

"आन मी तुज्या पाठीवर थाप मारली."

"व्हय."

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय ह्ये. समदं न्हाई, पन ठावं हाय. त्या दिशी पोर आत माज्यापाशी बसली हुती. माजा हात हातात घिऊन म्हनली, काकू, चूक आमच्या घरातली हाय, कुनाची त्ये इचारू नगा. म्या इचारलं न्हाई. लय रडली बिचारी. भायेर जाताना तोंड धुऊन गेली."

मी बाहेर हत्यारं गोळा करत होतो तेव्हा. तुम्ही आत रडत होता हे मला काल कळलं, वहिनी. गाडीत तुमच्याशेजारी बसून सांगलीपर्यंत आलो आणि तुमच्या चेहऱ्याकडं नीट बघितलंसुद्धा नव्हतं.

"नाव काय हुतं रं तिचं?" काकूंनी विचारलं. "म्या आपली पोरी, पोरी म्हनत बसले."

मी नाव सांगितलं. ते माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असेल. घरात तुम्ही वहिनी, दुकानात बाई, दादा तर हाकही मारायचा नाही, नुसता खाकरायचा.

साहेब उठले. सेटचा प्लग स्वतः काढला, मागची फळी उघडायला सांगितली. आत तुमचा ट्रान्सफॉर्मर तसाच, वार्निश थोडं काळं पडलेलं. साहेबांनी कोटाच्या खिशातून पेन्सिल काढून माझ्या हातात दिली.

"फळीच्या आतल्या अंगाला लिही. सेट म्होरं कुनाकडंबी जाईल. कुनी उघडला तर त्याला कळाय पायजे."

मी फळी मांडीवर घेतली. काय लिहायचं ते सुचायला वेळ लागला. लिहिलं तेव्हा अक्षर वाकडं आलं. काकूंना वाचता येत नाही. त्या जवळ येऊन बसल्या. "काय लिवलंस, वाच," म्हणाल्या.

मी वाचलं. "हा ट्रान्सफॉर्मर म्हाकूबाई यांनी गुंडाळला. यात कधीही दोष नव्हता. तार मी तोडली होती."

"मी म्हंजी कोन?" साहेब म्हणाले. "सही कर."

वहिनी, सही केली.